डोस तोच, जेवण तेच, तरी साखर वरखाली का? इन्सुलिन टोचताना होणाऱ्या चुकांचा शोध

घरी स्वतः इन्सुलिन घेणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. डोस बदललेला नाही, जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत, फिरणेही नियमित आहे, आणि तरीही उपाशीपोटीची साखर एका सकाळी 110 तर दुसऱ्या सकाळी 240 येते. अशा वेळी वहीतले आकडे पाहून डोस दोन-चार युनिटांनी वाढवला जातो, आठवडाभर बरे चालते आणि मग एखाद्या दुपारी दरदरून घाम फुटून हात थरथरू लागतात. चूक टोचण्यात असते आणि दुरुस्ती डोसमध्ये केली जाते. त्यामुळे पुढे कधी टोचणे नकळत नीट झाले, की तो वाढवलेला डोस पूर्ण ताकदीने अंगावर येतो. म्हणून डोसला हात लावण्यापूर्वी आपला हात तपासावा, असे अकरा वर्षे स्वतःला टोचून घेतल्यावर माझे ठाम मत झाले आहे. डोस ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे, पण ठरलेला डोस खरोखर शरीरात गेला का आणि योग्य जागी गेला का, हे पाहायला तिथे आपल्याखेरीज दुसरे कोणी नसते.

आधी पोट चाचपावे

माझ्या बाबतीत बेंबीच्या डावीकडे, तीनएक बोटांवर, लिंबाच्या फोडीएवढा एक उंचवटा तयार झाला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तपासणीच्या वेळी परिचारिकेने बोटांना साबणाचे पाणी लावून पोटावरून हळूहळू हात फिरवला, एका जागी ती थांबली, आणि माझीच बोटे तिथे टेकवून म्हणाली, ‘इथे चिमटा घेऊन बघा.’ शेजारच्या कातडीचा चिमटा घेतला की दोन्ही बाजू एकमेकींना अगदी चिकटत होत्या. त्या जागी मात्र मध्ये रबराचा तुकडा ठेवावा तसे काहीतरी बोटांना अडत होते. ही माझी आवडती जागा होती, कारण तिथे टोचलेले दुखतच नसे. ते का दुखत नसे, हे त्या दिवशी कळले.

इन्सुलिन हे चरबीच्या पेशींना वाढायला लावणारे संप्रेरक आहे. रोज त्याच जागी ते सोडले आणि त्याच जागी सुईची इजा होत राहिली, की तिथली चरबी फुगून घट्ट होते; वैद्यकीय भाषेत याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. अशा गाठीत संवेदना कमी असते, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिथेच टोचतो, आणि गाठ आणखी वाढते. मुख्य अडचण अशी की गाठीत सोडलेले इन्सुलिन रक्तात केव्हा आणि किती उतरेल याचा नेम राहत नाही. एखाद्या दिवशी ते उशिरा उतरते, एखाद्या दिवशी कमी उतरते, आणि वहीतले आकडे कारण नसल्यासारखे वरखाली होतात.

गाठ डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून ती बोटांनीच शोधावी लागते. आंघोळीच्या वेळी साबण लावलेल्या बोटांनी, टोचण्याच्या प्रत्येक जागेवरून, लांबून जवळ येत हलका दाब देत जावे. एकदा उभे राहून आणि एकदा आडवे पडून तपासावे. गाठ सापडली तर लिहायच्या पेनाने तिच्याभोवती कडे काढावे आणि त्या कड्याच्या आत पुढचे काही महिने अजिबात टोचू नये. मात्र एक इशारा इथे फार महत्त्वाचा आहे: गाठीतून निरोगी जागेवर ज्या दिवशी सरकाल त्या दिवसापासून तोच डोस जास्त ठरू शकतो, कारण आता तो पूर्ण शोषला जाणार असतो. त्यामुळे जागा बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी. माझा रात्रीचा डोस तीन आठवड्यांत 34 युनिटांवरून 27 वर आला. वर्षभर चढत गेलेले ते सात युनिट गाठीतच अडकून पडत होते.

जागा बदलत राहावी हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा अर्थ अनेकजण आज पोट, उद्या मांडी, परवा दंड असा लावतात आणि त्यातून नवाच गोंधळ होतो. साधे मानवी इन्सुलिन पोटातून सर्वांत लवकर उतरते, दंडातून त्याहून सावकाश आणि मांडीतून व नितंबातून आणखी सावकाश. म्हणून एका वेळेचे इंजेक्शन एकाच भागात ठेवावे, उदाहरणार्थ जेवणाआधीचे पोटात आणि रात्रीचे मांडीत, आणि त्या भागाच्या आतच जागा सरकवत राहावी. पोटाचे चार चौकोन कल्पून प्रत्येकाला एक आठवडा द्यावा, आदल्या टोचणीपासून एक बोट तरी अंतर सोडावे, आणि बेंबीभोवतीची दोन बोटांची जागा वगळावी. मी चौकोनाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो, कारण डोक्यात ठेवलेला क्रम चौथ्या दिवशी विसरला जातो.

थेंब कुठे गेला

पोट साफ निघाले, तर पुढची शंका इन्सुलिनच्या पेनावर घ्यावी, म्हणजे चाक फिरवून डोस लावायच्या आणि बटण दाबून टोचायच्या उपकरणावर. सुई बाहेर काढल्यावर तिच्या टोकावर किंवा कातडीवर थेंब दिसत असेल, तर डोस पूर्ण गेलेला नाही. 100 युनिटच्या इन्सुलिनमध्ये एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा फक्त शंभरावा भाग, त्यामुळे सुईच्या टोकावर लटकलेला लहानसा थेंबही एक-दोन युनिटांचा असू शकतो. यावर उपाय साधा आहे: बटण पूर्ण दाबून खिडकीत शून्य आल्यावर अंगठा तसाच ठेवून मनात सावकाश दहापर्यंत मोजावे आणि मगच सुई सरळ बाहेर ओढावी. आपण घाईत मोजलेले दहा सहसा चार-पाच सेकंदांचेच असतात, हे घड्याळ लावून पाहिल्याशिवाय पटत नाही.

दहा सेकंद थांबूनही थेंब येत असेल, तर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनातल्या इन्सुलिनच्या नळीत, हवेचा बुडबुडा आहे का ते पाहावे. हवा दाबली जाते आणि सावकाश सैल होते, त्यामुळे बटण शून्यावर आल्यानंतरही इन्सुलिन झिरपत राहते. ही हवा बहुतेक वेळा सुई पेनावर तशीच लावून ठेवल्यामुळे आत शिरते; खोलीचे तापमान वाढले की द्रव फुगून बाहेर गळतो आणि घटले की त्याच वाटेने हवा आत येते. म्हणून वापर झाला की सुई काढून टाकावी, आणि प्रत्येक वेळी नवी सुई लावल्यावर सुई वर राहील असे पेन उभे धरून, कार्ट्रिजवर टिचकी मारून, दोन युनिट हवेत सोडून पाहावेत. टोकावर थेंब दिसला तरच आपला डोस फिरवावा. थेंब आला नाही तर पुन्हा दोन युनिट सोडावेत, आणि तरीही आला नाही तर सुई बदलावी. दोन युनिट वाया जातात म्हणून ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत, पण बंद सुईतून घेतलेला कोरडा डोस त्याहून कितीतरी महाग पडतो.

पेनाच्या सुईला दोन टोपणे असतात, एक मोठे बाहेरचे आणि एक लहान आतले. नव्याने पेन हातात आलेली माणसे कधीकधी बाहेरचे काढतात आणि आतले तसेच ठेवून ते कातडीवर दाबतात; बटण दाबले जाते, आकडा शून्यावर येतो, काहीतरी ओले लागते, पण टोचले गेलेले काहीच नसते. ‘आज अजिबात दुखले नाही’ असे कोणी आनंदाने सांगितले, तर मी आधी आतल्या टोपणाबद्दल विचारतो. याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे डोस फिरवून लावल्यावर, सुई टोचून, बटण दाबण्याऐवजी तेच चाक उलटे फिरवून शून्यावर आणणे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कृती सारख्याच दिसतात आणि आकडाही शून्यच दाखवतो, त्यामुळे घरातल्या वयस्कर माणसाच्या बाबतीत एकदा समोर बसून, न बोलता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांची पद्धत पाहावी. विचारल्यावर प्रत्येकजण बरोबरच सांगतो.

सुई पुन्हा पुन्हा वापरण्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण काटकसर कशासाठी असते हे मला माहीत आहे. एवढेच सांगतो की सुई एका वापरासाठी बनवलेली असते, तिच्यावरचा गुळगुळीत थर पहिल्याच टोचणीत बराचसा जातो, टोक बोथट होते आणि वारंवार तीच वापरणाऱ्यांमध्ये गाठी अधिक आढळतात. पेन मात्र, सुई नवी लावली तरीही, दुसऱ्या कोणालाही कधीच देऊ नये. टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश उलट कार्ट्रिजमध्ये जाऊ शकतो.

ढवळणे, ऊन आणि गोठणे

दुधाळ दिसणारे इन्सुलिन, म्हणजे सावकाश काम करणारे एनपीएच किंवा त्यात झटपट इन्सुलिन मिसळलेले 30/70 सारखे मिश्रण, ठेवून दिल्यावर तळाशी बसते. ते न ढवळता घेतले तर एका दिवशी पातळ आणि दुसऱ्या दिवशी दाट डोस जातो, आणि तोच तो न उलगडणारा चढउतार सुरू होतो. पेन तळहातांमध्ये आडवे धरून दहा वेळा घोळवावे, मग दहा वेळा हळुवार वरखाली उलटावे, आणि सगळीकडे सारखा दुधाळ रंग आला की घ्यावे. जोराने हलवू नये, फेस होतो. तळाशी गुठळ्या राहत असतील किंवा काचेवर बर्फासारखे कण चिकटलेले दिसत असतील तर ते टाकून द्यावे. उलट, नेहमी स्वच्छ पाण्यासारखे असणारे इन्सुलिन गढूळ झाले असेल तर तेही बाद समजावे.

न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्यात, पण फ्रीजच्या बर्फकप्प्याजवळ किंवा मागच्या भिंतीला टेकवून नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर अगदी नेहमीसारखे दिसू शकते, तरी ते निकामी झालेले असते. विमानप्रवासात ते हातातल्या पिशवीतच असावे, सामानाच्या कप्प्यात नाही. वापरात असलेले पेन साधारण तापमानाला ठेवता येते, आणि बहुतेक प्रकारांसाठी उघडल्यापासून 28 दिवसांची मुदत असते. काही प्रकारांची मुदत वेगळी असल्यामुळे माहितीपत्रक पाहून, उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून पेनाला लावावी. टोपणावर लावू नये, टोपणांची अदलाबदल होते. उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या पेनावर मी विश्वास ठेवत नाही. फ्रीजमधून काढलेले थंडगार इन्सुलिन लगेच टोचले तर झोंबते, म्हणून नवे पेन अर्धा तास आधी बाहेर काढावे.

आकड्यांचा घोळ

आतापर्यंतच्या चुकांनी साखर डोलते; या चुकीने माणूस दवाखान्यात पोहोचतो. कुपीतले इन्सुलिन दोन तीव्रतांचे असू शकते, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट, आणि सिरिंजही त्या त्या तीव्रतेची वेगळी असते. सहसा 40 च्या सिरिंजचे टोपण लाल आणि 100 च्या सिरिंजचे नारिंगी असते, पण रंगावर न जाता सिरिंजवर छापलेला आकडा कुपीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. 100 च्या कुपीतून 40 च्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात 50 युनिट जातात. उलट केले तर फक्त 8. याच कारणाने पेनाच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढू नये. पेनातले इन्सुलिन किमान 100 युनिटचे असते, काही पेनांत त्याहूनही तीव्र असते, आणि ओढताना हवाही शिरते.

दुसरा घोळ कागदावर होतो. डोसच्या आकड्यापुढे युनिटसाठी इंग्रजी यू हे एकच अक्षर घाईत लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि 10 चे 100 वाचले जातात. आपल्या वहीत ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, आणि चिठ्ठीवरचा आकडा नेहमीपेक्षा खूप वेगळा वाटला तर टोचण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी.

तिसरा घोळ दोन पेनांचा. जेवणाआधीचे झटपट काम करणारे आणि दिवसभर सावकाश काम करणारे अशी दोन पेने वापरणाऱ्याच्या हाती रात्री झोपेच्या तंद्रीत चुकीचे पेन येते, आणि सावकाश इन्सुलिनचा 24 युनिटांचा डोस झटपट इन्सुलिनचा घेतला जातो. दोन्ही पेने वेगवेगळ्या खोल्यांत ठेवणे हा माझा उपाय आहे. एकाला जाड रबरबँड गुंडाळला तर अंधारातही बोटांना फरक कळतो. चूक झालीच तर लाज बाळगून गप्प बसू नये. ताबडतोब साखर मोजावी, डॉक्टरांना कळवावे, घरात कोणाला तरी जागे ठेवावे, कर्बोदके असलेले अन्न खात राहावे आणि सांगितले जाईल तितका वेळ दर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. साखर 70 च्या खाली आली तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा सुमारे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, 15 मिनिटांनी मोजावे आणि गरज पडल्यास पुन्हा घ्यावी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णवाहिका बोलवावी.

किती खोल

टोचण्याच्या जागांवर त्वचेची जाडी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असते, आणि माणूस सडपातळ असो की जाड, त्यात फारसा फरक पडत नाही. बदलते ती त्वचेखालची चरबी. म्हणून 4 मिलिमीटरची पेनाची सुई बहुतेक प्रौढांना पुरते, आणि ती चिमटा न घेता सरळ 90 अंशांत टोचता येते. लांब सुईने धोका वेगळा निर्माण होतो: ती स्नायूत पोहोचली तर इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर उतरते, विशेषतः मांडीत घेऊन लगेच चालायला निघाल्यास, आणि साखर एकदम कोसळते. 6 किंवा 8 मिलिमीटरची सुई असेल तर अंगठा आणि एक-दोन बोटांनी त्वचा व चरबीची घडी हलकेच उचलावी. मूठभर पकडले तर स्नायूही वर येतो. सुई बाहेर काढल्यावरच घडी सोडावी. कपड्यांवरून टोचू नये. सुई किती आत गेली ते दिसत नाही. स्पिरिटने जागा पुसली असेल तर ती पूर्ण वाळू द्यावी, बहुतेक वेळा झोंबते ते ओले स्पिरिट.

टोचल्यावर रक्ताचा एखादा थेंब आला किंवा निळसर डाग पडला, तर बारीक रक्तवाहिनीला सुई लागली एवढाच त्याचा अर्थ. कापसाने थोडा वेळ दाबून धरावे, चोळू नये, कारण चोळल्याने इन्सुलिन लवकर उतरते. रक्त पातळ करणाऱ्या इनॉक्झापॅरिनच्या भरून आलेल्या सिरिंजचे नियम थोडे निराळे आहेत, आणि इन्सुलिनची सवय असलेली माणसे नेमकी तिथे चुकतात. तिच्यातला हवेचा बुडबुडा पूर्ण डोस घ्यायचा असताना काढायचा नसतो. तो काढायला गेल्यास औषध सांडते. घडी मात्र औषध पूर्ण जाईपर्यंत धरून ठेवायची असते.

घेतले की नाही, हे आठवत नसेल तर

हे प्रत्येकाचे कधी ना कधी होते. पेन समोर आहे, टोपण लावलेले आहे, आणि दहा मिनिटांपूर्वी टोचले की टोचायचा विचार केला, हे काही केल्या आठवत नाही. अशा वेळी दुसरा डोस घेऊ नये. एखादा डोस चुकल्याने साखर वाढेल आणि ती नंतर आटोक्यात आणता येईल, पण दुप्पट डोसाने कमी झालेली साखर झोपेतच गाठू शकते. पुढचे काही तास मोजत राहावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचे ठरवावे. सुई टाकताना वहीत वेळ लिहायची, आधी नाही, असा क्रम मी ठेवला आहे. आधी लिहून मग फोनवर बोलत बसण्याचा प्रकार माझ्या हातून दोनदा घडला आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधांत हा धोका अधिक गंभीर असतो. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेटसारखे औषध चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतू शकते, म्हणून त्याचा वार पाकिटावर ठळक अक्षरांत लिहावा.

वरचे सगळे तपासूनही साखर सतत 250 च्या वर राहत असेल आणि जोडीला उलट्या, पोटदुखी किंवा भराभर श्वास असेल, तर पेन उलटसुलट करत बसण्याची ती वेळ नव्हे. त्याच क्षणी दवाखाना गाठावा. टोचलेली जागा लाल, गरम आणि ठणकणारी झाली, तरी त्याच दिवशी दाखवावे.

वापरलेल्या सुईला लहान टोपण पुन्हा लावायला जाऊ नये, बोटाला सुई लागते ती बहुतेक तिथेच. मोठे टोपण टेबलावर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवावी, फिरवून काढावी आणि जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात टाकावी. डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘वापरलेल्या सुया’ असे लिहून, दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात घेतात का ते विचारावे. माझा डबा फ्रीजच्या वर असतो, मुलांच्या हाताला न लागेल इतका उंच आणि मला दिवसातून चार वेळा दिसेल इतका समोर.